एक सुटा भाग

बंदुकीशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला. पहिला कॉलेजात, एन.सी.सी.मध्ये. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला मैदानावर पालथं झोपवून पॉइंट टू टू रायफलच्या पाच-पाच गोळ्या देण्यात आल्या. मी पाचही झाडल्या. माझ्या टार्गेटवर एकही भोक सापडलं नाही. शेजारच्या पोराच्या टार्गेटवर नऊ सापडली. उस्तादांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडे न बघताच "पुढचा!" म्हणून हाक दिली. माझी पाचवी गोळी कुठं गेली, हे आजतागायत कळलेलं नाही. पुढं बँकेत लागल्यावर असा न जुळणारा फरक ज्या खात्यात टाकून ठेवतात त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, हे समजलं आणि जिवाला बरं वाटलं. माझ्यासारखे पुष्कळ असल्याशिवाय असं खातं कुणी काढलं नसतं.

दुसरा संबंध आमच्या शाखेच्या गार्डच्या दुनळीशी. गार्ड फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना सुभेदार म्हणतो. बढती तोंडी असली की बँकेला खर्च पडत नाही. ही बारा बोअरची बंदूक गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी पाहतो. पेन्शनच्या तारखेला रांग वाकडी झाली की सुभेदार उठतात, बंदूक सरळ धरतात, आणि तिच्याकडे बघून रांगही सरळ होते. याखेरीज तिचा काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

एवढ्या भांडवलावर माणसानं रायफलचा विचार करू नये. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ब्राँझ मेडल मिळवलं आणि कोल्हापुरात कुणालाच दुसरा विचार सुचेना. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्यातून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस! आमच्या शाखेत तर घरातच मेडल आल्यासारखं झालं. म्हणजे नोकरी करणारा माणूसही ऑलिंपिकला जाऊ शकतो, असं मी दुपारच्या डब्याला म्हणालो. "नोकरी करणारा," असं आमच्या मॅनेजरसाहेबांनी पहिल्या शब्दावर जोर देऊन म्हटलं. पुन्हा विषय काढला नाही.

त्याच रात्री कन्या म्हणाली, "बाबा, मी पण रायफल शिकतो."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा : कोल्हापुरात मुली 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. त्यात व्याकरणाची चूक नाही, रंकाळ्याच्या पाण्याचा गुण आहे.

मी "शीक" म्हणालो. यापूर्वी कथक, अबॅकस आणि कीबोर्ड या तिन्ही खात्यांचे व्यवहार सहा-सहा महिन्यांत बंद झाले होते. हेही होईल, असा माझा अंदाज होता. पण झालं भलतंच. रेंजवरच्या सरांनी पहिले दोन महिने तिला एक छर्रासुद्धा दिला नाही. नुसती क्लबची रायफल हातात देऊन उभं केलं. जी मुलगी आरतीला दोन मिनिटं एका जागी ठरत नव्हती, ती अर्धा-अर्धा तास रायफल खांद्याला लावून भिंतीकडे बघत उभी राहायला लागली. घरीसुद्धा लाटणं घेऊन कपाटासमोर उभी. सौ. म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का?" वर्षभरात मात्र क्लबच्या त्या म्हाताऱ्या रायफलवर ती इतकं बरं मारायला लागली, की सर एक दिवस मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "आता हिला स्वतःची लागेल."

हा आवाज मी ओळखतो. अनामत रक्कम भरायला सांगण्यापूर्वी हॉस्पिटलात याच आवाजात बोलतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं संकट आलेलं नाही त्यांना थोडी कल्पना देतो. दहा मीटर एअर रायफल या प्रकारात मारायचं ते दहा मीटरवरून, म्हणजे आमच्या शाखेच्या दारातून कॅशच्या खिडकीवर. टार्गेटवरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा. सगळ्यात आतला, दहा गुणांचा, ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते पाहायचं तर या वाक्याच्या शेवटचं टिंब पाहा. साठ गोळ्या मारायच्या आणि दर गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. म्हणजे दशांश चिन्ह इथंही आहेच. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं शेवटच्या गोळीला १०.८ मारले आणि सुवर्णपदक घेतलं. हे ऐकल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. जिथं दशांश चिन्ह आहे तिथं मला हरवणं सोपं नाही, असा माझा समज होता.

रायफल म्हणजे एक वस्तू, दुकानात जाऊन घ्यायची, हा माझा दुसरा समज. ती वस्तू नसून एकत्र कुटुंब आहे. बॅरल, ट्रिगर, सिलिंडर, साइट, गालाखालचा चीकपीस, खांद्यामागची बट प्लेट, हाताखालचा ठोकळा, वजनं. प्रत्येकाचं वेगळं म्हणणं आणि प्रत्येकाला वेगळा स्क्रू. अमेरिकेत डॅलसला माझा भाचा असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, इकडे माझा शेजारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सुटे भाग मागवून किचनच्या टेबलावर जोडतो. बॅरल एका कंपनीची, ट्रिगर दुसऱ्या, दस्ता तिसऱ्या. तो म्हणतो, पैसे आधी बॅरलवर घाला, मग ट्रिगरवर, शोभेच्या गोष्टी शेवटी." त्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये म्हणे एक गोळी उडाली की पुढची आपोआप येऊन बसते, दर गोळीला ट्रिगर तेवढा ओढायचा. आमच्याकडे छर्रा दर वेळी बोटानं उचलून आत ठेवावा लागतो. साठ वेळा. लग्नात आहेराची पाकिटं एकेक करून उघडल्यासारखं.

तरी भाच्याचा क्रम मी नव्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतला. वही बँकेतलीच, दोन्ही बाजूंना लाल रेघा असलेली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. तीन दिवसांत डावी बाजू भरली.

नवी रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात. त्या घरात आम्ही जाऊ शकत नव्हतो, कारण राहत्या घराला रंग द्यायचा होता. शेवटी रंग राहू दिला, प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या एका मुलाची वापरलेली जर्मन रायफल एक लाख दहा हजारांना घेतली. उल्म आणि ओबर्नडॉर्फ या जर्मनीतल्या दोन गावांची नावं तेव्हापासून आमच्या घरात कागल-गडहिंग्लजइतकी सहज येतात. सगळ्या जगाच्या एअर रायफली बहुतेक तिकडच्याच. उल्ममध्ये १८७९ साली आइन्स्टाइनही जन्मला, पण तो गाव सोडून गेला. रायफलवाले मात्र टिकून आहेत.

रायफल घरी आली त्या दिवशी सौ.नं तिला हळदकुंकू लावलं. मी खाली वाकून सिलिंडर वाचला. माणसं पुस्तक उघडलं की प्रस्तावना वाचतात, मी तारीख वाचतो. वीस वर्षं चेक पास करून लागलेली सवय आहे. तर सिलिंडरवर बनवल्याचं वर्ष कोरलं होतं आणि कंपनीनं त्याला दिलेलं आयुष्य दहा वर्षांचं. उरले होते पाच महिने. चेकसुद्धा तीन महिन्यांत शिळा होतो, मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. पण या सिलिंडरात दोनशे बार दाबाची हवा भरतात. आपल्या मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असते. असा सिलिंडर मुदत टळल्यावर माझ्या मुलीच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर ठेवायचा नाही, हे सांगायला सर लागत नाहीत. नवा सिलिंडर. नावे.

मग ट्रिगर. आमच्या सुभेदारांच्या दुनळीचा घोडा ओढायचा तर बोटाला चांगली ताकद लागते. तेवढ्यात माणसाचं मत बदलू शकतं. इथं ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर लावतात. त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट आत जातं आणि एका जागी अडतं. तिथं थांबायचं, आणि मग पुढं नुसतं मनात आणलं तरी गोळी सुटते. मी एकदा सरांच्या परवानगीनं रिकामी रायफल धरून पाहिली. पहिला टप्पा कधी आला ते मला कळलंच नाही. "आपला स्वभाव निर्णय लवकर घ्यायचा दिसतोय," सर म्हणाले. माझ्या कचेरीत हे कुणाला खरं वाटणार नाही.

साइटला दुर्बीण चालत नाही. मागं बारीक भोकाचा डायॉप्टर आणि पुढं नळीत एक रिंग. भोकातून रिंग पाहायची, रिंगेत काळा गोल, गोलाभोवती पांढरी कडा सगळीकडून सारखी. मजा अशी की रिंग लहान घेतली म्हणजे नेम अचूक होईल असं वाटतं, पण होतं उलटं. पांढरी कडा फार बारीक राहिली की मारणारा ती सारखी करण्याच्या नादात गोळी सोडतच नाही, हात थकतो, डोळ्यापुढं धुकं येतं. मी चार मिलिमीटरच्या आतली घ्या म्हणत होतो. सरांनी मोठी घातली. "थोडी सैल राहू दे," म्हणाले. तेव्हा ते रिंगेबद्दलच बोलत होते असं मला वाटलं.

चीकपीस आणि बट प्लेटबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यात माझा गुन्हा आहे. सैल दिसलेली वस्तू आवळायची हा माझा स्वभाव. एका रविवारी रायफल पुसताना चीकपीस मला जरा तिरका वाटला, तो सरळ केला. बट प्लेट खाली घसरल्यासारखी वाटली, ती वर सरकवून स्क्रू दाबून बसवला. तो तिरकेपणा आणि ती घसरण दीड महिना रोज थोडीथोडी करत बसवलेली होती. गाल टेकला की डोळा न शोधता बरोबर भोकामागं यावा, यासाठी. कन्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आईचं लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूवर खूण केली. नंतर पाहतो तर तशीच एक खूण माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या डब्यावरही होती. फुलीची.

जाकिटाला कॅनव्हास आणि चामडं. एकेरी कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, ते मोजायचं यंत्र स्पर्धेत असतं. घातलं की मूल पुतळा होतं. बुटांचे तळवे सपाट आणि कडक, त्यामुळं चालताना बदक. माझी उभी वाढणारी मुलगी पुतळा आणि बदक यांच्यामध्ये कुठंतरी येत होती आणि जाकीट आठ महिन्यांत आखूड होणार हे मला शिंप्याआधी दिसत होतं. नावे, नावे.

पण खरा रमलो तो छर्र्यांत. इथं मात्र मला कुणी फुली मारू शकलं नाही, निदान सुरुवातीला.

छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, पुढून सपाट. सपाट अशासाठी की कागदावर भोक गोल आणि स्वच्छ पडावं. एका डब्यात पाचशे. वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त, साधारण ०.५३. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो : ४.४९, ४.५०, ४.५१. आणि गंमत म्हणजे एखाद्या रायफलीला ४.४९ आवडतो आणि तिच्या सख्ख्या बहिणीला ४.५०. का, ते विचारायचं नाही. पाच-सहा प्रकारचे डबे आणायचे, रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे माणसाचा संबंध राहत नाही, आणि प्रत्येक डब्यातले थोडे मारून पाहायचे. ज्याची भोकं एकात एक पडतील तो डबा तिचा. त्यावरचा बॅच नंबर टिपून घ्यायचा आणि त्याच बॅचचे मिळतील तेवढे डबे उचलायचे, कारण पुढची बॅच निराळी निघू शकते. नोटांचे नंबर टिपण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला याहून आनंदाचं काम कुठलं?

आमच्या रायफलीला ४.५० आवडला. मी त्या बॅचचे सात डबे आणले आणि घरी येऊन पहिला डबा मोजला. पाचशे तीन निघाले. तीन जास्त. कॅशिअरला कमी भरलं तर एक वेळ झोप लागते, जास्त भरलं तर लागत नाही. दुसऱ्यांदा मोजले, पाचशे तीन. सौ. म्हणाली, "परत करायला जर्मनीला जाणार का?" मी ते तीन वेगळ्या काडेपेटीत घालून वर 'सस्पेन्स' लिहिलं.

मग वजन करायची कल्पना निघाली. सराव करणारे काही जण करतात, असं ऐकलं होतं. गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडून मिलिग्रॅमचा काटा आणला आणि रोज रात्री जेवणानंतर दोनशे छर्रे चिमट्यानं उचलून तोलायला लागलो. हलके एकीकडे, भारी एकीकडे, मधले मध्ये. ठेवायला खळगे असलेलं काही हवं होतं. घरात इडलीपात्र होतं. वाचक भगिनींना पुढचं सांगायला नको. शिसं विषारी असतं हे मला माहीत होतं, छर्रे हाताळून झाले की हात साबणानं धुवा असं कन्येला मीच सांगत असे, पण इडलीपात्र म्हणजे आपल्या हाताचाच भाग नव्हे हे मला त्या क्षणी सुचलं नाही. ते पात्र कायमचं रायफल खात्याकडे वर्ग झालं. नव्या पात्राची रक्कम वहीत 'किरकोळ' म्हणून आहे.

आता एवढं सगळं केल्यावर गुण वाढायला हवेत की नकोत? सरावात आठवड्यातून दोन दिवस ती साठ गोळ्यांची पूर्ण मॅच मारायची. ६५४ पैकी कधी ५९८, कधी ६०१, कधी ५९६. मी शक्यतो हजर असे. रेंजवर मागं पालकांसाठी खुर्च्या असतात, तिथं वही उघडून बसायचो. तारीख, डब्याचा नंबर, सिलिंडरचा दाब, हवामान, सकाळी काय खाल्लं, एकूण गुण. नऊ पॉइंट काही पडला की समासात कारण. 'रिंग?' 'जाकीट आखूड?' 'छर्रा भारी?' 'पोहे?' एकदा तर मी नवा डायॉप्टर घ्यायची भाषा काढली. त्याची किंमत ऐकून सौ.नं हातातली पळी खाली ठेवली.

"तुमची ती पाचवी गोळी तिच्या टार्गेटवर शोधू नका," ती म्हणाली.

मी रागानं वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. बायको कॉमर्सची नसली की चर्चा अशी मुद्दा सोडून जाते.

सुभेदारांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, छर्र्यांचं वजन ऐकताना नुसती मान हलवली. मग म्हणाले, "सायेब, आमच्या टायमाला रायफल मिळायची ती घ्यायची. तिचा काय दोष असंल तो तीन गोळ्यांत कळतोय. चौथ्या गोळीपासनं दोष आपला." हेही मला मुद्दा सोडूनच वाटलं.

शेवटी सरांनीच एक दिवस माझ्यासमोर रायफल शिकंज्यात लावली आणि दहा छर्रे मारले. मुद्दाम न तोललेले, डब्यातून वरचेवर उचललेले. दहा छर्र्यांचं एकच भोक पडलं. एखादा नवखा म्हणेल नऊ चुकले. सरांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि काही न बोलता चहाला गेले. म्हणजे बॅरल बरोबर, सिलिंडर बरोबर, छर्रा बरोबर. फरक दुसरीकडे कुठंतरी होता.

जिल्ह्याच्या स्पर्धेला नऊ दिवस राहिले होते. रात्री साडेअकराला मी वही घेऊन बसलो. फरक सापडेपर्यंत उठायचं नाही, ही आमच्या खात्यातली जुनी शिस्त. दाबाचा रकाना तपासला, काही नाही. डब्यांचे नंबर, काही नाही. पोह्यांच्या दिवशी ६०४ होते आणि ५९६ही. पानं उलटता उलटता नजर गुणांवरून शाईवर गेली. बहुतेक नोंदी काळ्या शाईच्या, माझ्या खिशातल्या पेनाच्या. मधूनच काही निळ्या. निळं पेन माझ्याकडे नाही. निळं पेन आहे ते काउंटरवर दोरीनं बांधलेलं. महिनाअखेर, कॅश न जुळणं, ऑडिट, अशा दिवशी मी रेंजवर जाऊ शकत नसे. मग संध्याकाळी शाखेतून घरी फोन करून गुण विचारायचो आणि तिथल्या तिथं लिहायचो.

निळे वेगळे काढले. ६०५.७, ६०४.९, ६०७.३, ६०४.१, ६०६.६. काळ्यांत सहाशे चारच्या वर एकही आकडा नव्हता.

मी बेरीज पुन्हा केली. मग कॅल्क्युलेटरवर केली. पाच गुणांचा फरक. कुठल्याही जर्मन डायॉप्टरनं पाच गुण मिळत नाहीत.

सकाळी ती दात घासत असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी मागं बसतो त्याचा त्रास होतो का गं?"

ती चूळ भरून म्हणाली, "नाही."

"खरं सांग."

तिनं टॉवेल घेतला. "तुम्ही काय करत नाही ओ बाबा. नुसते बसता."

"मग?"

"माझी गोळी सुटायच्या आधी तुम्ही श्वास धरता. मला मागं कळतं. मग मला वाटतं, आता लवकर सोडायला पाहिजे, नाहीतर बाबांना श्वास घेता येणार नाही."

मी "बरं" म्हणालो आणि उगीच गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलं. आदल्या रात्री सौ.नं घातलं होतं.

पुढचे नऊ दिवस मी ऑफिसातून थेट घरी आलो. वहीत नोंदी केल्या नाहीत. तिनंही गुण सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. इडलीपात्रातले तोललेले छर्रे मी हलके, मधले, भारी सगळे एकत्र करून डब्यात ओतले. सौ.नं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यात ती मुद्द्यावर गप्प राहिल्याचा हा एकच प्रसंग.

स्पर्धेच्या दिवशी रायफलची पेटी मी दारापर्यंत नेऊन दिली. सरांनी दार धरलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी म्हणालो, "मी चहा घेतो बाहेर." ते म्हणाले, "घ्या ना. चांगला असतो इथला." तो चांगला नव्हता. मी तीन कप घेतले. पायरीवर माझ्यासारखेच आणखी दोन बाप बसले होते. एक जण मोबाईलवर शेअर बाजार बघत होता, दुसरा काहीच बघत नव्हता. आतून एअर रायफलींचा आवाज येत होता, बाटलीचं बूच निघावं तसा. त्यातली आमची कुठली ते ओळखू येत नव्हतं. तरी प्रत्येक आवाजाच्या आधी मी श्वास धरत होतो. तो काहीच न बघणारा माझ्याकडे वळून म्हणाला, "पाहुणं, दम्याचा त्रास आहे काय?"

सव्वा तासानं ती बाहेर आली. जाकिटाची बटणं सोडलेली, बदकासारखी पावलं टाकत, कपाळावर टोपीचा वळ. मला हजार प्रश्न विचारायचे होते आणि त्यातला प्रत्येक प्रश्न एक आकडा मागत होता.

"भूक लागली का?" मी विचारलं.

"लई. मिसळ खाऊ या."

पेटी मी उचलली. पाच-सहा पावलं गेल्यावर ती आपणहून म्हणाली, "विचारा की आता."

"किती?"

"सहाशे आठ पॉइंट दोन. शेवटची गोळी दहा पॉइंट सात."

मी वही आणली नव्हती. खिशातून चहाच्या बिलाचा कागद काढला आणि लिहायला पेन शोधलं. आदल्या संध्याकाळी काउंटर बंद करताना घाईत खिशात गेलं असणार. निळं होतं. दोरीसकट.